वाचकांचे प्रश्न : माणूस बदलला हे दिसतं कुठे?

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या वाचनगटात आम्ही बारा जण. ‘अंतर्मनाचा प्रवास’ या विषयासाठी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी घेतली. तिचा नायक पांडुरंग गावी परततो म्हणजे हरला की शहाणा झाला, यावरच दीड तास वाद झाला. हाती काही लागलं नाही.

उत्तर : शेवटापासून सुरुवात केलीत, तिथेच गाडी रुळावरून घसरली. आधी बघा, सांगतोय कोण आणि कुठल्या वयात. ‘कोसला’चा (१९६३) निवेदक पहिल्याच ओळींत आपण पंचविशीचे असल्याचं सांगतो. म्हणजे पुण्याच्या वसतिगृहातला पोरगा जगतोय एक आणि सांगणारा दुसराच.

पुढच्या बैठकीत सुरुवातीचा एक आणि शेवटाकडचा एक असे अर्ध्या-अर्ध्या पानाचे दोन उतारे वाटा. दोन्हींत प्रसंग एकाच जातीचा हवा : वडिलांशी बोलणं, नाहीतर पैसे. पंधरा मिनिटं पेन्सिल घेऊन मुकाट्याने वाचन. मग प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं : तेव्हा तो काय करायचा, आता काय करतो. पहिला अर्धा तास ‘जाणीव’, ‘प्रगल्भता’, ‘स्वतःचा शोध’ या शब्दांना बंदी. (हे शब्द आले की पुस्तक मिटलंच म्हणून समजा.) ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या निवेदकाच्या सवयीच्या शब्दांभोवती गोल करा, आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या पानांवर ते किती उरतात ते मोजा.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घेणार असाल तर चारही भाग एका महिन्यात कोंबू नका, पहिला पुरे.

प्रश्न : माझी कथा ‘नायिकेतला बदल पटत नाही’ म्हणून परत आली. तिच्या मनातले विचार चार पानं दिलेत, तरी?

उत्तर : तरी नाही, म्हणूनच. ‘त्या क्षणी तिला कळलं’ छापाची वाक्यं खोडा आणि कथा पुन्हा वाचा. काहीच ढासळलं नाही, तर बदल फक्त त्या वाक्यांतच होता.

एक प्रसंग दोनदा आणा. समजा, लोकलचा लेडीज डबा. ‘कुठे उतरणार?’ विचारून तिने दादरला उतरणारीची सीट धरलेली, दुसरीच येऊन बसते आणि ही पर्स छातीशी धरून परळपर्यंत उभी. शेवटी तोच डबा. तिला भांडायला लावू नका. तिघींच्या बाकावर चौथ्या सीटसाठी ‘जरा सरकता?’ एवढंच म्हणू दे. मधे एक फसलेला प्रयत्न हवाच : तोंड उघडते आणि स्टेशन विचारून गप्प बसते. तो नसेल तर बदल आभाळातून पडल्यासारखा वाटतो. दुसरा प्रसंग पहिल्याच्या निम्मा ठेवा, वाचकाने डबा एकदा पाहिलेला असतो.

प्रश्न : ‘अंतर्मनाचा प्रवास’ या विषयात आत्मकथनं धरायची का?

उत्तर : बेलाशक. दया पवारांच्या ‘बलुतं’ या आत्मकथनात (१९७८) दगडू सांगतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, लेखक स्वतः. मुंबईतल्या कावाखाना या वस्तीची पानं वाचताना दर वेळी विचारा, आत्ता बोलतोय तो दोघांपैकी कोण?