घोडा, पाकोळी आणि छातीतला बाण

प्राचीन चीनमधल्या अश्वशिल्पांविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आज घेतो आहे.

संग्रहालयांतले बहुतेक चिनी घोडे थडग्यांत सापडलेले असतात. मेलेल्या माणसाला घोडा कशासाठी?

मेल्यावरही माणसाचा संसार चालू राहतो, तिथेही त्याला नोकरचाकर, धान्याचे कोठार आणि वाहन लागते, ही तिथली श्रद्धा. शांग या प्राचीन घराण्यातल्या राजांच्या काळात (इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात) तर खरे घोडे रथासकट पुरत. पुढे त्यांची जागा माती आणि धातूच्या घोड्यांनी घेतली.

पण मान घोड्यालाच एवढा का? मध्य चीनची सुपीक जमीन नांगराखाली होती. मोठी कुरणे उत्तरेच्या भटक्या टोळ्यांकडे. चांगला घोडा बाहेरूनच आणावा लागे. मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यातले घोडे रक्ताचा घाम गाळतात अशी ख्याती होती. त्या ‘स्वर्गीय घोड्यां’साठी हान घराण्याचा सम्राट वूदीने इ.स.पू. १०४ मध्ये सैन्य धाडले. ते हात हलवत परतले, तर त्याने आणखी मोठे धाडले. पुढे थांग घराण्याचा दरबार (इ.स. ६१८–९०७) उत्तरेच्या उइगुर या तुर्की लोकांना एका घोड्यामागे सुमारे ४० ठाण रेशीम मोजत होता. एवढ्या मोलाचे जनावर थडग्यात दिसले की आधी मृताचा हुद्दा कळतो. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याबरोबर किती मूर्ती पुरायच्या, याचे थांग काळात नियमच होते.

शिआनजवळच्या मातीच्या सैन्यातल्या घोड्यांना खोगीर आहे, रिकीब (पाय ठेवायची कडी) नाही. शिल्पकार विसरला का?

विसरला नाही, तेव्हा रिकीब नव्हतीच. हे सैन्य ज्याच्यासाठी घडवले तो चीनचा पहिला सम्राट इ.स.पू. २१० मध्ये वारला. चिनी शिल्पांत रिकिबीचा सर्वांत जुना पुरावा चांगशाच्या इ.स. ३०२ मधल्या थडग्यातला मानतात, आणि तीही एकाच बाजूला, चढण्यापुरती.

सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल चालीचे घोडे नेहमी पाहतो. पक्ष्यावर पाय ठेवून धावणाऱ्या चिनी घोड्याची चालही तशीच वाटते. बरोबर आहे का?

तुमची नजर पक्की आहे. कान्सू प्रांतात वूवेई इथे १९६९ मध्ये गावकरी लेइताईच्या टेकाडाखाली खणत असताना हा दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला कांस्य घोडा निघाला. उंची फक्त ३४.५ सेंटिमीटर. त्याच्या एकाच बाजूचे दोन्ही पाय एकाच वेळी पुढे जातात; रेवालीत असतात तसेच. अशा चालीत स्वाराला हिसके बसत नाहीत. ज्याने हा घोडा घडवला त्याने घोडे जवळून पाहिले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तीन पाय हवेत आणि साऱ्या देहाचा भार एका मागच्या खुरावर, म्हणजे खालच्या पक्ष्यावर. तोल साधला आहे तो इथेच. त्या पक्ष्याला लोक पाकोळी म्हणतात. पण पाकोळीची दुभंगलेली शेपटी त्याला नाही, म्हणून काही अभ्यासक त्याला ससाणा मानतात. पक्षी कोणताही असो, त्याने मान वळवून वर पाहिले आहे, आणि घोड्याचा वेग त्या एका वळलेल्या मानेतून कळतो. मला घोड्याइतकाच तो पक्षी आवडतो.

घरी हिरव्या-पिवळ्या-तपकिरी ओघळांचा घोडा आहे. तो जुना असेल का?

बहुधा नाही. थांग काळातल्या या तीनरंगी घोड्यांच्या नकला लोयांगमध्ये आजही सर्रास बनतात. खात्री करायची तर प्रयोगशाळेत तापदीप्ती चाचणी (माती भट्टीत कधी भाजली ते सांगणारी) करावी लागते. हे ओघळ शिशाच्या झिलईचे असतात. ती भट्टीत पातळ होऊन खाली उतरते. अशी जुन्या पद्धतीची झिलई एखाद्या भांड्यावर असेल तर त्यात खाण्याचे काही ठेवू नका.

चिनी शिल्पांत एखादा खरा, नाव असलेला घोडा आहे का?

एक नाही, सहा आहेत. थांग सम्राट ताइत्सुंगने (इ.स. ६२६–६४९) लढायांत आपल्याला पाठीवर वाहिलेले सहा घोडे पाषाणात कोरवून घेतले आणि आपल्या झाओलिंग समाधीपाशी बसवले. त्यांच्या आयाळीच्या तीन जुड्या बांधल्या आहेत. ही उत्तरेच्या भटक्या तुर्की टोळ्यांची पद्धत.

सहांत माणूस एकाच शिळेवर आहे. लोयांगच्या लढाईत सालूझ नावाच्या घोड्याच्या छातीत बाण घुसला. सेनानी छ्यू शिंगगुंगने आपला घोडा राजाला दिला आणि स्वतः पायउतार होऊन तो बाण उपसू लागला. कोरला आहे तो हाच क्षण. सेनानी पुढ्यात उभा, हात बाणावर. घोडा बिथरलेला नाही, चारही पाय रोवून अंग किंचित मागे घेतो आहे. दुसऱ्या शिळेवरच्या घोड्याला नऊ बाण लागले होते, तरी तो चालतोच आहे. रणातल्या मुक्या जिवाच्या वेदनेला राजाने स्वतःच्या समाधीशी जागा द्यावी, याचे मला दरवेळी भरून येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शिळा फोडून हलवल्या गेल्या. चार शिआनमध्ये आहेत. सालूझ आणि नऊ बाणांचा घोडा फिलाडेल्फियात, पेन विद्यापीठाच्या संग्रहालयात.