एकत्रित प्रवास पासला मागणी आहे का, हे शोधताना

लोकल, मेट्रो, रिक्षा अशा सगळ्या प्रवासाला मिळून एकच पास लोकांना हवा आहे का, याचं सर्वेक्षण करताय; छान विषय घेतलात. फक्त ‘असा पास घ्याल का?’ हा प्रश्न टाळा. हो म्हणायला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी कालचा प्रवास विचारा. डोंबिवली ते घाटकोपर लोकल, मग मेट्रोने अंधेरी, पुढे शेअर रिक्षा. कुठे किती गेले ते लिहून घ्या. लोकलचा मासिक पास मुळातच स्वस्त आहे. खिशाला चाट बसते ती पुढे, आणि मागणीही तिथेच शोधा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- नुसते ऑनलाइन फॉर्म. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, माणसं बोलतात.
- सगळ्यांना पासची एकच किंमत सांगून विचारणं. लोकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी किंमत सांगा.

फिनलंडमधल्या हेलसिंकीत असाच एकत्रित प्रवास पास विकणाऱ्या ‘व्हिम’ ॲपची कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. ते प्रकरण नक्की वाचा. संख्याशास्त्राची अवघड मॉडेल्स सध्या राहू द्या.