'जलवीर' नको, 'पाणबुड्या' तर नकोच

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेचे स्कॉट कार्पेंटर आधी अंतराळात जाऊन आले, मग समुद्राच्या तळाशी राहिले, म्हणजे अ‍ॅक्वानॉट झाले. अ‍ॅस्ट्रोनॉटला अंतराळवीर म्हणतो, तर अ‍ॅक्वानॉटला 'जलवीर' म्हणावं का?

नाही. 'वीर' आपण चिकटवला, मूळ शब्दात शौर्य कुठेच नाही. आणि बातम्यांत 'पाणबुड्या' लिहितात ते तर साफ चूक. पाणबुड्या बुडी मारतो, काम उरकतो, वर येतो. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे, सुमारे ६२ मीटर खोल ठेवलेल्या 'सीलॅब-२' या राहण्याच्या प्रयोगशाळेत पहिली तुकडी पंधरवडाभर राहून वर आली, दुसरी उतरली; कार्पेंटर दोन्हींबरोबर खालीच होते. तिथल्या हेलियममिश्रित हवेने चिरक्या झालेल्या आवाजातच ते अंतराळात फिरणाऱ्या जेमिनी-५ यानातल्या गॉर्डन कूपर यांच्याशी बोलले. याला बुडी म्हणतात का?

खरी गंमत 'नॉट'मध्ये आहे. ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज, 'नाउतेस' म्हणजे खलाशी. आपला 'नौ' त्याचा सख्खा भाऊ. भाऊ म्हणतोय, बाप नव्हे! 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगती'पासून आला असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा लॅटिन कोश उघडावा. 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं, एवढा सरळ उलगडा तिथे आहे. नातं मुळात आहेच, त्यासाठी 'नवगती' रचायची गरज नाही.

याच घराण्यातला फारसी 'नाव' आणि मालक या अर्थाचा 'खुदा' मिळून झाला 'नाखुदा', म्हणजे आपल्या कोळीवाड्यांतला नाखवा. म्हणून माझं ठाम मत: अ‍ॅस्ट्रोनॉट तो अंतराळनाखवा, अ‍ॅक्वानॉट तो तळनाखवा. परिभाषा घडवणारे बोलीतला शब्द दिसला की नाक मुरडतात आणि संस्कृतातून निर्जीव जोडशब्द पाडतात. नाखवा रोज समुद्रावर जातो, त्याच्याइतका जिवंत शब्द त्यांच्याकडे आहे का?

कार्पेंटर यांना तर तो शोभतोच. मूळचे नौदलाचे वैमानिक. २४ मे १९६२ रोजी 'ऑरोरा-७'मधून त्यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या. त्याच वर्षी त्यांच्याआधी अंतराळात जाऊन आलेल्या जॉन ग्लेन यांना यानाबाहेर 'काजवे', म्हणजे चमकणारे ठिपके, दिसले होते. कार्पेंटर यांनी यानाच्या भिंतीवर ठोकून पाहिलं, तर ते हिमकण निघाले. परतताना यान ठरल्या जागेपासून सुमारे ४०० किलोमीटर पुढे, अटलांटिकमध्ये पडलं, तेव्हा ते बाहेर पडून रबरी तराफ्यात वाट पाहत बसले. खलाशीच तो!

आणि हो, भारतीय अंतराळप्रवाशासाठीचा 'व्योमनॉट' हा शब्द संस्कृत-ग्रीक भेसळ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनाही हेच उत्तर. नौ आणि नॉट एकाच घरचे आहेत. भेसळ कसली?