एटीएममधला 'टी' काय सांगतो?

प्रश्न आलाय: 'टेल' म्हणजे सांगणे, मग पैसे देणाऱ्या यंत्राच्या नावात 'टेलर' कशाला? आणि 'से' व 'टेल' यांत फरक काय?

आधी हे ऐका. एटीएम म्हणजे 'एनी टाइम मनी' नव्हे. ऐकून ऐकून कान किटले! ऑटोमेटेड टेलर मशीन. आणि 'शिल्लक सांगतो म्हणून टेलर' हा खुलासाही मनचाच. टेलर म्हणजे मोजणारा. जुन्या इंग्रजीत 'टेल्लन' म्हणजे मोजणे, हिशेब करणे. ब्रिटिश संसदेत मतं मोजणारे आजही टेलरच. 'अनटोल्ड वेल्थ' ही न सांगितलेली नव्हे, अगणित संपत्ती. 1611च्या इंग्रजी बायबलात फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, वेठबिगारांकडून विटांची 'टेल' (tale) मागितली जाते, ती गोष्ट नव्हे, विटांची ठरलेली संख्या. जर्मनमध्ये तर त्सेलेन म्हणजे मोजणे आणि एरत्सेलेन म्हणजे गोष्ट सांगणे.

इंग्रज कवी मिल्टनच्या 'लालेग्रो' या कवितेत सकाळी मेंढपाळ झाडाखाली 'टेल्स हिज टेल', म्हणजे प्रेमकथा सांगतो, असं काही टीकाकार अजून म्हणतात. अहो, आधीच्या ओळी वाचा की! नांगरणारा शीळ घालत नांगरतोय, गवळण गातेय, गवत कापणारा विळ्याला धार लावतोय. सगळे कामाला लागलेले असताना हा एकटाच गप्पा छाटत बसेल? तो मेंढरं मोजतोय. मी यावरून हटणार नाही.

पण खरी गंमत आपल्या घरात आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ धातूंच्या यादीत, 'ख्या प्रकथने' असं आहे; 'ख्या' म्हणजे सांगणे. त्यावरून आख्यान, व्याख्यान आणि संख्यासुद्धा! इंग्रजी मोजण्याकडून सांगण्याकडे गेली, संस्कृत सांगण्याकडून मोजण्याकडे. वाटेत दोघींची गाठ पडली.

का पडली? माझं मत असं, की पूर्वी मोजणं तोंडानेच व्हायचं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन... मापणारा सूर लावून म्हणतोय, शेजारचा ऐकतोय. तिथे मोजणं कुठे संपतं आणि सांगणं कुठे सुरू होतं, सांगा बरं.

हां, 'से' आणि 'टेल'. 'ही टोल्ड टू मी' म्हणू नका, 'टोल्ड मी' म्हणा. 'से'ला मात्र 'टू' लागतो. बाकीचं शाळेच्या व्याकरणात आहे.