गच्चीवरचा तापमापक आणि वेधशाळेचा आकडा

प्रश्न : गच्चीवर तापमापक व पर्जन्यमापक बसवून मी रोज नोंदी ठेवतो. उन्हाळ्यात माझा आकडा पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त येतो आणि पावसाच्या आकड्यांचा तर मेळच बसत नाही. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असा अंदाज असतो, तेव्हा आमच्याकडे अनेकदा थेंबही पडत नाही. चूक कोणाची मानावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तापमानातला फरक बहुधा आपल्या गच्चीचाच आहे. हवामानशास्त्राला हवे असते ते सावलीतल्या, खेळत्या हवेचे तापमान. म्हणून वेधशाळेत तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, गवताळ मोकळ्या जागेवर, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे कठड्याला टांगलेला तापमापक हवेचे कमी आणि काँक्रीटचे जास्त सांगतो. जुलैत आभाळ भरलेले असताना व वारा वाहत असताना दोन्ही आकडे ताडून पाहावेत. हा फरक तेव्हा बराच कमी व्हायला हवा. तरीही तो तेवढाच राहिला, तर तापमापकावर संशय घ्यावा आणि शक्य असल्यास तो बर्फाचा चुरा व पाणी यांच्या मिश्रणात बुडवून शून्य अंश दाखवतो का, हे तपासावे.

पावसाच्या बाबतीत आधी घड्याळ पाहावे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो आणि मोजमाप ज्या सकाळी होते, त्या तारखेला लिहिले जाते. आपण मध्यरात्री दिवस बदलत असाल, तर रात्रीची एकच सर आपल्या व त्यांच्या वहीत वेगवेगळ्या तारखांना पडते. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवलेले मापकही फसवते. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मोकळे हवे. एवढे करूनही पुण्याच्या पश्चिमेचे कोथरूड आणि ईशान्येचे लोहगाव यांचे आकडे एक येणार नाहीत, कारण घाटाकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने ओसरत जातो आणि वळवाची सर तर एक पेठ भिजवून दुसरी कोरडी ठेवते.

अंदाज चुकतात, यात वाद नाही. मात्र आपण दिलेल्या उदाहरणावरून अंदाज चुकला, असे ठरत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर, आणि मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक. हा अंदाज लोणावळ्यापासून इंदापूरपर्यंतच्या जिल्ह्याचा असेल, तर कोथरूड कोरडे राहूनही तो खरा ठरू शकतो. त्यामुळे रोजचा अंदाज, त्यातले क्षेत्र व ‘तुरळक’, ‘बऱ्याच’ हे शब्द जसेच्या तसे, निकाल कळण्याआधी वहीत उतरवून ठेवावेत आणि हंगाम संपल्यावर जिल्ह्यातल्या अनेक केंद्रांच्या आकड्यांशी एकत्र ताडून पाहावेत. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा या तुलनेत घेऊ नये. तो अनेकदा मोजलेला नसतो, संगणकीय प्रारूपातून काढलेला असतो.