पीसीओएससाठी ओव्हेरियन ड्रिलिंग आणि अवयव चिकटण्याची भीती

प्रश्न : पीसीओएसमुळे, म्हणजे बीज नियमित तयार न होण्याच्या विकारामुळे, मला दिवस राहत नाहीत. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ओव्हेरियन ड्रिलिंग सुचवले आहे. त्याने आतले अवयव चिकटून नवीच अडचण उभी राहते, हे खरे का?

उत्तर : ही भीती निराधार नाही, परंतु तिचे मूळ जुन्या शस्त्रक्रियेत आहे. १९३५मध्ये स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी या विकाराचे वर्णन केल्यानंतर अनेक वर्षे पोट उघडून बीजकोशाचा पाचरीसारखा तुकडा काढला जात असे, पाळी नियमित होई, पण टाके घातलेल्या त्या मोठ्या जखमेला बीजवाहिन्या आणि आतडी चिकटत. १९८४पासून रूढ झालेल्या ड्रिलिंगमध्ये विजेच्या सुईने बीजकोशावर मोजकी छिद्रे पाडतात, त्यामुळे धोका बराच कमी झाला, मात्र संपला नाही. जखमेवर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, थर जमतो. तो काही दिवसांत विरघळला नाही, तर त्याचे पक्के तंतू बनतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना बांधले जातात.

तुमच्या पत्रात गोळ्यांचा उल्लेख नाही, म्हणून आवर्जून विचारते : लेट्रोझोल घेऊन पाहिले आहे का? बीज तयार होण्यासाठी आज पहिला उपचार तोच आहे. गोळ्यांना दाद न मिळाल्यावरच ड्रिलिंगचा विचार व्हावा. जी छिद्रे पाडावीच लागली नाहीत, त्यांच्यामुळे काही चिकटत नाही.

प्रश्न : शस्त्रक्रिया ठरलीच आहे. डॉक्टरांना काय विचारावे?

उत्तर : किती छिद्रे पाडणार, हे विचारा. साधारणपणे प्रत्येक बीजकोशावर चार पुरतात. जास्त छिद्रांनी यश वाढत नाही, उलट निरोगी बीजे जळतात. रक्तस्राव पूर्ण थांबवणे, बीजकोश गार करणे आणि शेवटी पोट सलाइनने धुणे ही काळजी चिकटण टाळण्यासाठीच असते.

प्रश्न : मालिशने किंवा काढ्याने चिकटण सुटते का?

उत्तर : नाही.

प्रश्न : ड्रिलिंगला दीड वर्ष झाले. पाळी नियमित आहे, सोनोग्राफी चांगली आहे, तरी दिवस राहत नाहीत. पुन्हा दुर्बीण घालावी का?

उत्तर : सोनोग्राफीत पातळ चिकटण सहसा दिसत नाही, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. तरीही केवळ शंकेपोटी पोटात पुन्हा दुर्बीण घालू नये. अशी चिकटण लवकर सोडवून गर्भधारणेचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही, आणि सोडवलेली जागा पुन्हा चिकटू शकते. आधी यजमानांची वीर्यतपासणी करा. ती राहून जाते आणि सारा दोष पत्नीच्या पोटात शोधला जातो, याचे मला फार वाईट वाटते. मग बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का, हे एचएसजीने, म्हणजे गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेने, पाहावे. त्या बंद असल्या, किंवा तुमचे वय पस्तिशीपुढे असले, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत वेळ घालवण्यापेक्षा आयव्हीएफविषयी (टेस्ट ट्यूब बेबी) आताच बोलावे.