पहिली एंड्युरो (कच्च्या रस्त्यांवरही चालणारी बाइक) घेताय? आधी हे बघा

सीसीच्या आकड्याला भुलू नका. पुण्यात रोज कर्वे रोडचे सिग्नल आणि रविवारी पानशेत-मुळशीकडचे कच्चे रस्ते, एवढ्याला २०० सीसी भरपूर झाली. लांब हायवे रोजचाच असेल, तर मात्र ही गाडी तुमची नव्हे.

टेस्ट राइडला ताशी ऐंशी गाठण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा:

- सीटवर बसून पाय टेकवा. उदाहरणार्थ, हिरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही या बाइकची सीट ८२५ मिमी उंच आहे. दोन्ही टाचा टेकल्या नाहीत तरी चालेल, पण एक पाय भक्कम हवा.
- फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहा. हँडलसाठी कंबरेत वाकावं लागत असेल, तर तासाभरात पाठ बोलायला लागते.
- दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, चालण्याच्या वेगाने न्या. गाडी धक्के देते का? ट्रॅफिकमध्ये आणि चिखलात कामाला येतं ते हेच.

गाडी आडवी पडणारच, आणि तेव्हा उचलायला कुणी सोबत असेलच असं नाही. म्हणून वजन बघा.

नवीन लोक पहिल्याच महिन्यात सायलेन्सर बदलतात. तेच पैसे बूट आणि नी-गार्डवर घाला. सस्पेन्शनची सेटिंग सध्या विसरा. आणि टेकड्यांवर गाडी घालू नका, तिथे लोक फिरायला येतात.